कोकणच्या पावसात वापरायला मॅक्रो लेन्स हवी आहे, हातात कशी बसते ते सांगा

मुंगीमास्तर

नमस्कार मंडळी,

मी कुडाळजवळच्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेच्या मागे आंब्या-काजूची बाग आहे आणि त्या झाडांवर ओंबिलांची घरटी आहेत. ओळीने उभ्या राहून पानाच्या कडा ओढणाऱ्या कामकरी मुंग्या, अळीला तोंडात धरून तिच्या रेशमाने पानं शिवणाऱ्या मुंग्या, हे सगळं मुलांना दाखवायचं आहे. त्याच फांद्यांवर हुबेहूब ओंबिलासारखा दिसणारा एक उड्या मारणारा कोळीही सापडतो, मिरमाप्लाटा. पुढचे दोन पाय वर धरून तो मुंगीच्या मिशांसारखे हलवतो. मुलांना त्याचे आठ पाय मोजता येतील असा फोटो मला काढायचा आहे.

माझ्याकडे कॅननचा ८०डी कॅमेरा आहे, ५५-२५० लेन्स आहे आणि तिच्यापुढे क्लिपने लावायचं रेनॉक्स डीसीआर-२५० हे भिंग. चित्राबद्दल तक्रार नाही. त्रास होतो तो वापरताना. क्लिप फांदीला लागली की भिंग सुटतं. ठरावीक अंतराच्या जरा पुढे-मागे झालं की समोर नुसतं धुकट. आधी पूर्ण घरटं घ्यायचं आणि मग त्यातली एक मुंगी, तर दर वेळी भिंग काढा, खिशात ठेवा, परत लावा. तोवर मुंगी निघून जाते.

वापरलेली लेन्स चालेल, ३५ हजारांपर्यंत जाऊ शकतो. टॅमरॉन ९० (जुनी, २७२ई), कॅनन १०० एल आयएस (आयएस म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय) आणि लाओवा १०० अशा तीन लेन्स डोक्यात आहेत. रिव्ह्यू भरपूर वाचले, पण सगळीकडे भिंतीवरच्या तक्त्याचे फोटो आणि कोपऱ्यातला शार्पनेस. लेन्स हातात कशी वाटते, रिंग कुठे येते, पावसात काय होतं, झाडाझुडपात घुसताना काय आड येतं हे कोणी लिहीत नाही. इथे रोज वापरणारे आहेत, म्हणून विचारतो. आमच्या निसर्गमंडळाच्या फेऱ्या जून ते सप्टेंबरमध्येच जास्त होतात, हेही लक्षात घ्या.

काजवा

मास्तर, टॅमरॉन घ्या आणि उरलेल्या पैशात एक बरा फ्लॅश. ४०५ ग्रॅम वजन, ५५चा फिल्टर, गळ्यात दिवसभर अडकवली तरी मान दुखत नाही. टॅमरॉनची ९० मॅक्रो १९७९पासून चालत आलेली आहे, चित्राच्या बाबतीत तिला कोणी नाव ठेवू शकत नाही. पुढची काच बॅरलमध्ये इतकी खोल बसलेली आहे की काचेपुढे लावायच्या हूडची गरजही सहसा पडत नाही. मी पुण्यात टेकड्यांवर फुलपाखरं काढतो, मला काही कमी पडलेलं नाही.

घाटमाथा

मास्तर, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण मॅक्रोत खरा प्रश्न हाच आहे. ९० ते १०५ मिलिमीटरच्या पट्ट्यातली कुठलीही नावाजलेली मॅक्रो लेन्स शार्प असते. मग एकाचा फोटो येतो आणि दुसऱ्याचा हुकतो, तो लेन्स हातात कशी वागते त्यामुळे.

मी राहतो बेळगावात. पावसाळा लागला की शनिवारी रात्री आंबोली गाठायची हे ठरलेलं. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं ठिकाण, रात्री धुकं, डोक्याला टॉर्च, पायाला जळवा आणि समोर पानावर आंबोली झुडूप-बेडूक किंवा कातळावरच्या पाण्याजवळ आंबोली टोड. हा टोड २००९मध्ये जगापुढे आला आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याच्यापुढे आपण जितका कमी वेळ घालवू तितकं चांगलं. लेन्सशी झटापट करत बसायची ती जागा नाही. माझी सगळी मतं तिथून आलेली आहेत.

सगळ्यात आधी बॅरल बाहेर येतं की नाही ते बघा. काजवा म्हणतात ती टॅमरॉन २७२ई जवळ फोकस करताना लांब होत जाते, नळीतून नळी बाहेर येते. कोरड्या दिवसांत याचा फारसा त्रास नाही. पावसात मात्र बाहेर आलेल्या नळीवर थेंब बसतात आणि तुम्ही परत लांबवर फोकस केलात की त्या ओल्या नळीसकट आत जातात. शिवाय नळी मागेपुढे झाली की लेन्स दर वेळी बाहेरची हवा आत ओढते, आणि आंबोलीची किंवा कुडाळची जुलैमधली हवा म्हणजे निम्मं पाणी. कॅनन १०० एलची लांबी कुठल्याही अंतरावर तेवढीच राहते, १२३ मिलिमीटर. हलणारी भिंगं सगळी आतल्या आत. लाओवाही बाहेर लांब होत नाही.

लांबी न बदलण्याचा दुसरा फायदा डिफ्यूझरचा, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणाऱ्या पडद्याचा. तुम्ही पुढेमागे फ्लॅश वापरणारच, कारण १:१ला (म्हणजे विषय सेन्सरवर खऱ्या आकाराएवढाच उमटतो तेव्हा) एफ ११ लावलं तर सेन्सरवर उजेड येतो तो जवळपास एफ २२इतका, म्हणजे पाव हिस्साच. कॅननचा कॅमेरा हे पडद्यावर दाखवत नाही, निकॉन दाखवतं. इतकं करूनही तुमच्या ८०डीवर शार्प दिसणारी पट्टी एक मिलिमीटरच्या आतच असते. तर फ्लॅशला डिफ्यूझर आला, आणि पॅकिंगच्या पांढऱ्या फोमचा असो की प्लास्टिकचा, त्याचं पुढचं टोक आपण लेन्सच्या नाकावर टेकवतो किंवा बांधतो. बाहेर येणाऱ्या नळीवर ते ओझं पडलं की मोटरवर ताण येतो आणि डिफ्यूझरची जागाही दर वेळी बदलते. न हलणाऱ्या बॅरलवर एकदा बांधला की रात्रभर बघावं लागत नाही.

आता हाताचं सांगतो, कारण माझ्या मते ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. काडीवर एखादा कीटक बसलाय. ती काडी मी डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत अगदी हलकी धरतो. हात उघडा ठेवून मनगटाच्या वरचा, तळव्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग वर करतो आणि लेन्सचं पुढचं टोक त्याच्यावर टेकवतो. उजव्या हातात कॅमेरा. आता वाऱ्याने काडी हलली तरी हात हलतो आणि हाताबरोबर लेन्सही हलते. कीटक आणि काच यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. फोकस करायचा तो लेन्स त्या मांसल भागावर केसभर पुढेमागे सरकवून. रिंगला हातच लावायचा नाही, ती आधीच १:१ला किंवा जे मॅग्निफिकेशन हवं तिथे ठेवलेली.

हे जमण्यासाठी लेन्सच्या नाकापासून विषयापर्यंत साधारण तळहाताएवढी जागा लागते. १०० एलला १:१वर ती साधारण १३ सेंटिमीटर मिळते, म्हणजे बोटांच्या टोकापासून तळव्याच्या मुळापर्यंतचं अंतर बरोबर बसतं. टॅमरॉन ९०ला ती जेमतेम १० सेंटिमीटर आहे, बोटं मुडपून धरावी लागतात आणि हाताची सावलीही पडते. पेटीवर लिहिलेलं ३० किंवा २९ सेंटिमीटर हे अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं, त्यातून कॅमेरा आणि लेन्सची लांबी वजा करा. आणि हूड लावलंत तर उरलेल्यातला बराच भाग तेच खातं. एलचं हूड चांगलं लांबलचक आहे. मी ते दिवसा, काटेरी झुडपात काच वाचवायला लावतो. रात्री बॅगेत.

तुमच्या ओंबिलांच्या बाबतीत मात्र फांदीला हात लावायचा प्रश्नच नाही, त्या चावल्याशिवाय सोडणार नाहीत हे तुम्हाला मी काय सांगायचं. तिथे बांबूची हलकी काठी न्या. काठी जमिनीत टेकवून डाव्या हाताने काठी आणि लेन्सचं बॅरल एकत्र धरायचं. मूठ किंचित सैल-घट्ट केली की कॅमेरा वर-खाली आणि पुढे-मागे सरकतो. मुंग्या लेन्सवर चढायला बघतात, म्हणून या अंतराची किंमत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

रिंगबद्दल विचारलंत. एलची फोकस रिंग रुंद आहे, रबराच्या उभ्या रेघा आहेत, ओल्या बोटांनीही पकड सुटत नाही. ऑटोफोकसवर असतानाही ती फिरवून फोकस दुरुस्त करता येतो, कुठलाही खटका हलवावा लागत नाही. मी ८०डीवर फोकस मागच्या एएफ-ऑन बटणावर ठेवायला सांगेन: बटण दाबून जवळपास आणायचं, सोडायचं, पुढचं काम शरीर मागेपुढे करून. टॅमरॉनवर ऑटोवरून मॅन्युअलला यायचं तर आख्खी रिंग कॅमेऱ्याकडे खेचावी लागते. काही जणांना ते आवडतं, कारण खटका शोधावा लागत नाही. मला चालत नाही, खेचताना चौकट हलते आणि जे पकडलं होतं ते सुटतं.

एलच्या डाव्या बाजूला तीन खटके आहेत. अंतराच्या मर्यादेचा खटका मला सगळ्यात मोलाचा वाटतो: पूर्ण, अर्धा मीटर ते अनंत, आणि ०.३ ते ०.५ मीटर. बेडूक जवळ असेल तर तिसऱ्यावर ठेवायचा, मग फोकस चुकला तरी लेन्स अनंतापर्यंत फेरी मारून येत नाही, हातभर अंतरातच शोधते. फुलपाखरू उडून लांब गेलं तर दुसऱ्यावर. अंधारात हे अंगठ्याने चाचपून करता आलं पाहिजे आणि एलवर ते करता येतं.

आयएसबद्दल दोन शब्द. २००९मध्ये ही लेन्स आली तेव्हा हात तिरपा झाल्याची थरथर आणि हात बाजूला सरकल्याची थरथर, दोन्ही सावरणारी ती पहिलीच. नेहमीच्या अंतरावर चार स्टॉप, १:१वर दोन, असा कॅननचा दावा (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवायची मुभा). फ्लॅश मारला तर थरथर तशीही गोठते, मग आयएस कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. उपयोग बघण्यासाठी होतो. १:१ला व्ह्यूफाइंडरमधलं चित्र नाचत असतं, आयएसने ते स्थिर होतं आणि डोळ्यावर फोकस आलाय की नाही ते कळतं.

बाहेरचं कवच प्लास्टिकचं आहे, त्यावरून लोक नाराज होतात. लाल पट्टी आहे, म्हणजे कॅननची वरची एल मालिका, मग धातू का नाही, असं म्हणतात. मी तिच्या बाजूने ठामपणे बोलेन. धातूची असती तर वजन वाढलं असतं, आणि मॅक्रोत वजन थेट फोटोवर येतं. ८०डी ७३० ग्रॅम, लेन्स ६२५, फ्लॅश आणि त्याचे सेल धरून आणखी चारेकशे: झाले पावणेदोन किलो, आणि ते तुम्हाला उकिडवं बसून, श्वास धरून, हवेत स्थिर धरायचे आहेत. कॅमेऱ्याला जोडणारं माउंट धातूचं आहे आणि त्याभोवती रबराची सीलही आहे. धूळ आणि शिंतोडे अडवायला ती पुरते. ८०डीलाही तेवढंच संरक्षण आहे. धो धो पावसात उघडं नाचवायला दोन्ही नाहीत. मी छत्री धरणारा माणूस बरोबर नेतो, तुमच्याकडे तर निसर्गमंडळाची आख्खी फौज आहे.

लाओवाबद्दल: बांधणी उत्तम, सगळा धातू, ६३८ ग्रॅम, आणि २:१ मॅग्निफिकेशन. कॅनन माउंटवर एफ नंबर कॅमेऱ्यावरूनच बदलतो, ही मोठी सोय. पण ऑटोफोकस नाही आणि आयएसही नाही. ट्रायपॉडवर निवांत काम करणाऱ्याला मी तीच सांगेन. तुम्ही मुलांना सांभाळत, चालत्या मुंग्यांच्या मागे फिरणार. शिवाय तुमच्याकडचा रेनॉक्स विकू नका. त्याची क्लिप ५२ ते ६७ मिलिमीटरच्या फिल्टरला बसते आणि एलचा फिल्टर ६७चाच आहे. एलवर लावलात की १:१च्या जवळपास दुप्पट मिळतं. लाओवाचं मुख्य आकर्षण असं तुमच्या खिशात आधीच आहे.

माझं मत: १०० एल, वापरलेली.

सोनकी

घाटमाथा, हाताला टेकवण्याचं इतकं नीट कोणी लिहिलेलं वाचलं नव्हतं. मी वनस्पतिशास्त्रवाली, माझे विषय पळत नाहीत, त्यामुळे थोडं वेगळं सांगते.

मास्तर, तुमच्या यादीत एक लेन्स राहिली. कॅननचीच एलच्या आधीची १०० मॅक्रो यूएसएम, २०००मध्ये आलेली. फिल्टर ५८, वजन ६०० ग्रॅम, लांबी हिचीही बदलत नाही, ऑटोवर असताना रिंग फिरवता येते. आयएस नाही आणि पावसाचं सील नाही. वापरलेली बरीच स्वस्त मिळते. मी कासला सीतेची आसवे आणि दवबिंदू ही कीटकभक्षी झाडं हिच्यावरच काढते. फूल सेंटिमीटरभराचं आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर, तिथे आयएसचा मला फारसा उपयोग नाही. तांदळाची छोटी पिशवी खाली ठेवते, लेन्स तिच्यात रुतवते आणि वाऱ्याची वाट बघते.

एक गोष्ट मात्र एलवाल्यांनीही लक्षात घ्यावी. ट्रायपॉड वापरायचा असेल तर लेन्सला धरणारी कॉलर वेगळी घ्यावी लागते, पेटीत येत नाही. ती असली की आडव्याचा उभा फोटो करताना कॅमेरा नुसता कॉलरमध्ये फिरवायचा, फूल चौकटीच्या मध्यातच राहतं. ट्रायपॉडचं डोकं वाकवून उभा केला तर फूल चौकटीबाहेर जातं आणि सगळी मांडणी पहिल्यापासून. कंदीलपुष्पासारखं उंच, अरुंद फूल काढणाऱ्याला हे फार लागतं. मुंग्यांना बहुधा नाही.

आणि कासला जाणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती, चांगल्या कोनासाठी पायवाट सोडू नका. आडवं झोपून फोटो घेताना आपण ज्याच्यावर झोपतो तीही फुलंच असतात. कडेला जे मिळतं त्याचा फोटो काढा, पुष्कळ मिळतं.

स्क्रू_पाना

मी डोंबिवलीत लेन्स दुरुस्तीचं काम करतो. कुठली घ्यायची त्यात पडत नाही, वापरलेली घेताना काय बघायचं ते लिहितो, कारण माझ्या टेबलावर येणाऱ्या लेन्स बहुतेक न बघता घेतलेल्या असतात.

पहिलं बुरशी. मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून आत मारा आणि पुढून तिरक्या नजरेने बघा. सरळ बघितलं तर दिसत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे कडेपासून आत येताना दिसले तर घेऊ नका. बुरशी साफ करता येते, पण काचेवरचा लेप तिने खाल्ला असेल तर तो परत येत नाही. धुळीचे चारदोन कण असतील तर सोडून द्या, त्याने फोटोला काही होत नाही.

मग रिंग. अनंतापासून १:१पर्यंत अगदी सावकाश फिरवा. सगळीकडे सारखाच जडपणा लागला पाहिजे. मध्येच हलकी झाली किंवा करकरली तर आत वाळू गेली आहे किंवा लेन्स कधीतरी पडली आहे. किनाऱ्यावर वापरलेल्या लेन्समध्ये हे हमखास. बाहेर येणारं बॅरल असेल तर ते पूर्ण बाहेर काढून टोकाला दोन बोटांनी धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवा. केसभर ढिलाई चालते, टक टक असा आवाज आला तर आतल्या पट्ट्या झिजल्यात. डिफ्यूझर किंवा रिंग फ्लॅशचं ओझं वाहिलेल्या लेन्समध्ये हे मी वरचेवर बघतो.

माउंटच्या स्क्रूंची डोकी बघा. खरवडलेली असतील तर लेन्स उघडलेली आहे. उघडणं वाईट नाही, पण कोणी आणि का उघडली ते विचारा. ज्या लेन्सला सील आहे तिची माउंटभोवतीची रबरी कड अख्खी हवी, कुठे चिरलेली किंवा निघालेली नको. मध्यंतरी एक लेन्स आली, मालकाने दुसऱ्या ठिकाणी दुरुस्त करून घेतलेली, आणि त्यांनी बसवताना ती कडच घातली नव्हती. एका पावसाळ्यात आत पाणी.

फिल्टरच्या आट्यांत हाताने एक फिल्टर फिरवून बघा. आट्या वाकल्या असतील तर लेन्स नाकावर आपटली आहे. प्लास्टिकच्या कवचाबद्दल घाटमाथा बोलले ते बरोबर आहे. काचेचे तंतू घातलेलं हे प्लास्टिक आपटलं तरी बहुतेक वेळा मूळ आकारात येतं, धातूला खड्डा पडतो आणि तो खड्डा आतल्या नळीला अडवतो. प्लास्टिकचा दोष असा की मार मोठा बसला तर आतले स्क्रू धरणारे खुंट तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून ऑटोफोकस सगळ्या अंतरांवर चालवून बघा, जवळ, मध्ये, लांब.

रिंगवरचं रबर आपल्या दमट हवेत फुगून सैल होतं. ते नवीन मिळतं, त्यावरून लेन्स नाकारू नका, किंमत मात्र कमी करून घ्या.

घरी आल्यावर हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून परत वापरा. पेटीबरोबर येणाऱ्या कापडी किंवा चामडी पिशवीत पावसाळाभर ठेवू नका, बुरशीला तेच हवं असतं. आणि पावसातून आल्या आल्या लगेच डब्यात बंद करू नका, आधी पुसून पंख्याखाली तासभर ठेवा.

मुंगीमास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. सोनकीताई, जुनी १०० मला माहीतच नव्हती. फक्त पाऊस नसता तर तीच घेतली असती. निसर्गमंडळ जूनमध्येच सुरू होतं, त्यामुळे एलकडे कल झाला आहे. काजवा, तुमचंही पटलं, पण ओंबिलांसमोर १० सेंटिमीटर म्हणजे फारच जवळ.

सावंतवाडीत एकांकडे एल आहे. काल जाऊन आलो. टॉर्चने बघितली, आत स्वच्छ आहे, रबरी कड अख्खी आहे, स्क्रू शाबूत. दोन शंका. लेन्स कॅमेऱ्यावरून काढून हलवली तर आतून खडखड आवाज येतो. विकणारे म्हणतात नेहमीचंच आहे. आणि व्ह्यूफाइंडरमधून बघताना लेन्स बाजूला नेली की चित्र क्षणभर अडकल्यासारखं होऊन मग सरकतं. हे ठीक आहे का?

स्क्रू_पाना

दोन्ही ठीक. आयएसचा भिंगांचा गट वीज नसताना मोकळा असतो, तो हलतो त्याचा आवाज. शटर अर्धवट दाबलं की आवाज थांबला पाहिजे आणि बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे. तेवढं करून बघा. चित्र अडकून सरकतं तेही आयएसच. आयएस चालू आणि बंद करून एकेक फोटो घ्या, बंद असताना एका बाजूलाच धूसर येत असेल तर मात्र घेऊ नका.

घाटमाथा

बघून झालं की घेऊन टाका मास्तर. दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून करा. गाडीत एसी लावून जाऊ नका, किंवा लेन्स डिकीत ठेवा. थंड काच बाहेरच्या दमट हवेत आली की धुकं धरतं आणि पुसून जात नाही, काच गरम होईपर्यंत थांबावंच लागतं. आणि सुरुवातीचे दिवस १:१च्या मागे लागू नका. ओंबील आठ-दहा मिलिमीटरची, १:१ला ती तुमच्या चौकटीचा तिसरा हिस्सा किंवा थोडी जास्तच व्यापते. पण अर्ध्या मॅग्निफिकेशनला शार्प पट्टी जवळपास तिप्पट जाड मिळते आणि मुंगी डोक्यापासून पोटापर्यंत स्पष्ट येते. नंतर कापून मोठी करा, ८०डीचे २४ मेगापिक्सेल त्यासाठी पुष्कळ आहेत. पानाला समांतर धरा, बाजूने. समोरून घेतलीत तर डोकं तेवढं स्पष्ट.

तुमच्या कोळ्यासाठी वरून घ्या, म्हणजे आठही पाय एका पातळीत येतील. आणि नर सापडतो का बघा. त्याचे जबडे पुढे इतके लांब असतात की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चाललीय असं वाटतं. तो मादीपेक्षा लांब भरतो, त्यामुळे रेनॉक्स न लावता एलवरच तुमचं काम होईल. फोटो आले की याच धाग्यात टाका, मुलांनी पाय मोजले का तेही लिहा.